जितके हात तितकीच वाद्ये

लोभांचीही एक उतरंड असते. पैशाचा लोभ सर्वांत खालच्या गाडग्यात; त्याला सगळेच नावे ठेवतात. दागिन्यांचा लोभ बायकांच्या माथी मारून पुरुष मोकळे होतात. पुस्तकांचा लोभ मात्र गुण म्हणून सांगितला जातो. आणि या उतरंडीच्या अगदी वर, जिथे सहसा कोणाचा हात पोचत नाही अशा ठिकाणी, वाद्यांचा लोभ बसलेला आहे. ज्याच्या दिवाणखान्यात सात वाद्ये मांडून ठेवली आहेत त्या गृहस्थाला कोणी हावरा म्हणत नाही, रसिक म्हणतात. पाहुणे दबल्या आवाजात चौकशी करतात, मुले लांबून तारेला बोट लावून पळतात, आणि यजमान प्रत्येक वाद्याची जन्मकथा सांगतात. फक्त एक प्रश्न सभ्यपणामुळे कोणी विचारीत नाही: यांतले वाजते कोणते?

दिवाळीच्या आवराआवरीत हा प्रश्न आपोआप पुढे येतो. माळ्यावरून गवसणीतला तंबोरा खाली उतरतो, त्याच्यामागून बुलबुलतरंग येतो, भाता फाटलेली पेटी येते, उंदरांनी पुडी कुरतडलेला डग्गा येतो. "यांचे करायचे तरी काय?" असे घरची गृहिणी पदर खोचून विचारते, आणि घरधनी "राहू दे, लागेल कधीतरी" असे म्हणून सगळी वरात पुन्हा माळ्यावर चढवतात. हा प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. वाद्य ही वस्तू कशासाठी असते, आणि ती खरोखर कोणाची असते, हा कलेच्या मीमांसेतला प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला मी वाचकांना छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादच्या, एका डोंगरावर नेणार आहे. पण त्याआधी या लोभाचे रूप नीट पाहून घेऊ.

असा एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. त्याने एका मैफलीत सतार ऐकली, रात्रभर झोप आली नाही, आणि महिन्याभरात सतार घरात आली. तीन महिने बोटे चिरली, मींड काही सुरात येईना. चौथ्या महिन्यात त्याने सरोद ऐकला आणि त्याला साक्षात्कार झाला की आपला पिंड सतारीचा नाहीच, सरोदाचा आहे. सरोद आला. पुढे दिलरुबा आला, कारण तो म्हणे सोपा असतो. मग एक बासरी, कारण ती स्वस्त असते. प्रत्येक वाद्य घरात आले ते आधीच्या वाद्याने मागितलेले कष्ट टाळण्यासाठी. दुकानात वाद्य नेहमी गोडच वाजते. तिथे ते जुळवून ठेवलेले असते आणि वाजवणारा हात दुकानदाराचा असतो. आपण विकत घेतो ते तो हातही बरोबर येईल अशा समजुतीने. घरी पोचल्यावर कळते की हात दुकानातच राहिला.

या लोभाची मेख इथे आहे. रियाजाला वर्षे लागतात, खरेदीला अर्धा तास पुरतो. आणि त्या अर्ध्या तासात मनाला मिळणारे समाधान, आपण संगीतात काहीतरी केले असे वाटणे, रियाजानंतरच्या समाधानासारखेच दिसते. नकली नाणे खऱ्यासारखे दिसते म्हणूनच चालते. आता तर दुकानापर्यंत जाण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. मोबाइलवर बोट टेकवले की वाद्य दाराशी येते, आणि त्याच मोबाइलमध्ये तंबोऱ्यापासून तबल्यापर्यंत सगळा साजही भरून ठेवलेला असतो. सोय एवढी वाढली. वाजवणारे त्या प्रमाणात वाढले असे मात्र दिसत नाही.

कोणी म्हणेल, वादकाला एकाहून अधिक वाद्ये लागतातच. अगदी खरे आहे, आणि न्यायाने बोलायचे तर ते आधी मान्य केले पाहिजे. बासरीचा षड्ज तिच्या लांबीने आणि भोकांनी ठरलेला असतो. तो खुंटी पिळून बदलता येत नाही. म्हणून बासरीवादकाच्या पिशवीत वेगवेगळ्या पट्टीच्या अनेक बासऱ्या असतात. दायाँ तबला थोडाफार चढवता-उतरवता येतो, पण काळी एकचा तबला पांढरी पाचला नेऊ म्हटले तर पुडीच साथ देणार नाही. म्हणून तबलजीकडे दोन-चार तबले असतात. गवयाच्या मागे दोन तंबोरे असतात, कारण दोहोंच्या मिळून झालेल्या झंकारात जी भरीव पार्श्वभूमी तयार होते ती एकाने होत नाही. ही सगळी वाद्ये सुराने मागितलेली आहेत. मागणी कोणी केली, सुराने की मनाने, एवढे तपासले की गरज आणि हाव वेगळ्या होतात. कसोटी सोपी आहे: हे वाद्य घरात नसते तर उद्याचे कोणते गाणे अडले असते?

आता डोंगरावर जाऊ. शहराच्या उत्तरेला, बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, औरंगाबाद लेणी म्हणून ओळखली जाणारी बौद्ध लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या कीर्तीमुळे पाहुणे इकडे कमी फिरकतात, आणि गावातली माणसेही पाहुण्यांना आधी तिकडेच नेतात. पूर्वेकडच्या समूहात सातव्या क्रमांकाचे लेणे आहे. ते साधारण सहाव्या शतकातले मानतात. त्याच्या दर्शनी भागात अवलोकितेश्वराचा प्रसिद्ध शिल्पपट आहे: अग्नी, तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, सर्प, मत्त हत्ती आणि मृत्यू या आठ भयांतून भक्तांना सोडवणारा बोधिसत्त्व. तो पाहून पुढे गाभाऱ्यात शिरले, की बुद्धमूर्तीच्या सान्निध्यात, डाव्या भिंतीवर, आपल्या विषयाचे शिल्प भेटते.

मध्ये एक नर्तकी उभी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा स्त्रिया वाद्ये वाजवीत बसल्या आहेत. बासरी आहे, टाळ आहेत, चर्मवाद्ये आहेत. नर्तकीला कोणी तारा म्हणतात, कोणी केवळ नर्तकी म्हणतात. त्या वादाचा निकाल लावल्यावाचूनही शिल्पाचा आनंद घेता येतो. भारतीय संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या पटाकडे मुख्यतः पुरावा म्हणून पाहिले आहे: त्या काळी कोणती वाद्ये होती, ती कशी धरीत, वृंद केवढा असे. तो पुरावा मोलाचा आहेच. पण शिल्पाला नुसते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे त्याच्यावर अन्याय करणे आहे. ते कलाकृती म्हणून काय सांगते हेही विचारायला हवे.

सर्वांत आधी लक्षात येते ती त्याची काटकसर. शिल्पकाराजवळ भिंत होती, हत्यार होते, आणि संपन्नता दाखवण्याची प्रथाही होती. वाद्यांचे वैभवच दाखवायचे असते तर नर्तकीच्या पायाशी वाद्यांची रास मांडणे त्याला काहीच अवघड नव्हते. दरबाराची श्रीमंती अशीच दाखवतात. त्याने तसे केले नाही. केवळ शोभेसाठी ठेवलेले वाद्य या पटात दिसत नाही. प्रत्येक वाद्याला बाई आहे आणि प्रत्येक बाईला काम आहे. वाद्ये त्यांच्या मांडीशी, ओठांशी, तळव्यांशी अशी भिडलेली आहेत की वाद्य कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो हे अंधुक उजेडात चटकन कळत नाही. वाद्यांना अलग असे अस्तित्वच इथे नाही. ती काढून संग्रहालयाच्या कपाटात ठेवू म्हटले तर बायकांचे हात तोडावे लागतील.

दुसरी गोष्ट रचनेची. सातही जणी मिळून जे काही निर्माण करताहेत ते दगडात कोरता येत नाही. तो नाद आहे. शिल्पकाराने त्याची जागा मध्यभागी नर्तकीच्या देहाला दिली. सहा वाद्यांचा मिळून एक परिणाम, आणि तो परिणाम म्हणजे ती वळलेली कमर. वाद्यांच्या संख्येला या रचनेत महत्त्व येते ते त्या सगळ्यांची मिळून एक गोष्ट होते म्हणून. आमच्या दिवाणखान्यातल्या सात वाद्यांची मिळून एकही गोष्ट होत नाही, कारण त्यांच्या मध्यभागी कोणी नाचत नाही. मध्यभागी संग्राहक बसलेला असतो. दर्शनी भागातल्या आठ भयांत त्या काळच्या शिल्पकाराने नववे भय म्हणून 'संग्रह' कोरला नाही, याचे कारण कदाचित हेच असेल की आत गाभाऱ्यात त्याने त्याचा उतारा कोरून ठेवला होता.

या डोंगरावरून तीसएक किलोमीटरांवर वेरूळ आहे. तिथे कैलास लेण्यात रावण कैलास पर्वत हलवतो आहे, आणि ते शिल्प पाहिले नाही असा मराठवाड्यातला शाळकरी मुलगा विरळा. त्या शिल्पात वीणा नाही. पण पर्वताखाली सापडलेल्या रावणाने पुढे काय केले ते लोककथा सांगते: त्याने आपल्याच देहाचा अवयव आणि शिरा काढून त्यांचे वाद्य केले, ते वाजवून शंकराला आळवले आणि सुटका करून घेतली. रावणहत्था या वाद्याचा जन्म त्याच्याशी जोडतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण तिची जाण पाहा. ज्याच्या हावेने लंका सोन्याची झाली आणि शेवटी जळाली, त्या दशमुखाला वीस हात होते. वीस हातांना वीस वाद्ये देणे कथाकाराला शोभून दिसले असते. त्याने एकच दिले, आणि तेही रावणाच्या स्वतःच्या शिरांचे. हावरटातल्या हावरट माणसाला संगीतासाठी स्वतःजवळचेच काहीतरी तोडून द्यावे लागते, हे त्या अनामिक कथाकाराला कळले होते.

लेण्यांतला दगड आणि पुराणातला रावण आपल्यापासून लांब आहेत असे वाटत असेल, तर आता शहराच्या दक्षिणेला पैठणच्या वाटेने जाऊ. एकनाथांचे हे गाव. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, तिथे दिंड्या लोटतात. पैठणच कशाला, मराठवाड्यातल्या कोणत्याही खेड्यातला अखंड हरिनाम सप्ताह पाहा. सात दिवस आणि सात रात्री तिथे वीणा उभी असते. ती जमिनीवर टेकवायची नाही असा दंडक आहे. पहारा बदलतो, पहिला विणेकरी पायां पडून दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देतो, दुसरा तिसऱ्याच्या. मध्यरात्री मंडपात पाच माणसे उरलेली असली तरी एकाच्या गळ्यात ती असतेच. तिच्यावर कोणी तानपलटे घेत नाही; एक आधारस्वर छेडीत राहायचा, एवढेच. वाजवणारा शेतकरी असेल, शिंपी असेल, शाळामास्तर असेल. वीणा कोणाची असे विचारले तर उत्तर मिळते, "देवळाची." म्हणजे कोणाचीच नाही, आणि ज्याचा पहारा आहे त्याची पुरेपूर आहे.

आमच्या लोभाची या वीणेशी तुलना करून पाहा. एका माणसाकडे पुष्कळ वाद्ये आणि बहुतेक सगळी मुकी, हे एक चित्र. एक वाद्य आणि पुष्कळ माणसे, आणि सात दिवसांत ते एकदाही मुके नाही, हे दुसरे. कलेचे संगोपन कोणत्या चित्रात होते हे सांगायला संगीतशास्त्राची पदवी लागत नाही. वाद्याची मालकी ही खरी तर पहाऱ्याची मालकी आहे. आपली पाळी असेपर्यंत ते वाजते ठेवायचे आणि पाळी संपली की पुढच्याच्या गळ्यात घालायचे.

यावर संग्राहकांच्या वतीने दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की कोणी जमवलेच नसते तर जुनी वाद्ये राहिलीच नसती. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचे ठसठशीत उदाहरण. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजेच 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी, यांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दरवाजे आणि वाद्ये जमवली. सुमारे १९२० पासून सुरू झालेला हा संग्रह पुढे हजारो वस्तूंचा झाला. परंतु तो त्यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केला आणि शेवटी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करून लोकांचा केला. दुःखाने जमवलेले त्यांनी देऊन टाकले. बंगालचे सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ साली शंभराच्या जवळपास भारतीय वाद्ये बेल्जियमच्या राजाला भेट दिली. ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे पहिले अधिकारी माहीयों यांनी तिथल्या वाद्यांची सूची करताना वाद्यांचे चार वर्ग पाडले; तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग भरताच्या नाट्यशास्त्रात आधीपासून होते, आणि माहीयोंची पद्धत त्याच धाटणीची आहे. तिच्यावरच पुढे १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि साक्स यांनी आजची जगमान्य पद्धत रचली. म्हणजे या संग्रहांतून ज्ञान निपजले. संग्रहालय मौन जपते, पण ते सर्वांसाठी जपते आणि त्या मौनाचा अर्थ लावते. आमच्या माळ्यावरचे मौन कोणासाठी आहे? केळकरांचे नाव पुढे करून आपली हाव झाकणाऱ्याने केळकरांचे जमवणे घेतले, देणे सोडले.

दुसरा आक्षेप कारागिराचा. आम्ही वाद्ये घेतो म्हणून मिरजेच्या कारागिराची चूल पेटते, असे संग्राहक म्हणतो. मिरजेत सतारी-तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रे घडवणारी आणि पाजळणारी. तलवारीचे दिवस सरले तसे त्यांचे हात वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे तिथे येतात आणि त्यांचे तंबोरे होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा आक्षेपात तथ्य आहे. पण कारागिराचे काम वाद्य विकल्याने संपत नाही. तार घोडीवर सतत घासते, घोडीचा माथा झिजतो आणि जवारी बिघडते. ती पुन्हा काढावी लागते. चांगली जवारी काढणे ही सगळ्यांत अवघड विद्या, आणि ती हातात टिकते ती वाजून झिजलेली वाद्ये पुन्हापुन्हा परत येतात म्हणूनच. न वाजलेल्या तंबोऱ्याची जवारी झिजत नाही. तो कारागिराकडे परत जात नाही. दहा मुके तंबोरे विकून कारागिराला दहादा पैसे मिळतात. वाजत्या एका तंबोऱ्यापासून त्याच्या मुलाला विद्या मिळते. त्याच्या पुढच्या पिढीला काय हवे, हे ठरवणे अवघड नाही.

आणि मुके वाद्य जागच्या जागी सुरक्षित राहते हाही भ्रमच. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड सुकते, भोपळ्याला चीर जाते. पावसाळ्यात चामडे सैल पडते, तारा गंजतात. वाजवणाऱ्याच्या हे रोज लक्षात येते. संग्राहकाला ते पुढच्या दिवाळीला कळते.

मग हा लोभ आवरायचा कसा? दडपून नव्हे, असे मला वाटते. वाद्याची ओढ ही मुळात चांगली ओढ आहे; तिला खोटे गिऱ्हाईक मिळाले आहे इतकेच. नवे वाद्य घ्यावेसे वाटले की आधी घरातल्या वाद्याची तार बदलून घ्यावी. महिनाभर रोज त्याच्यापुढे बसावे, आणि मग विचारावे की अजून ते नवे हवे आहे का. बहुधा उत्तर बदललेले असते, कारण जुन्याच वाद्यात एक नवे वाद्य सापडलेले असते. जे घरात वाजतच नाही त्याला हात शोधून द्यावा. गावात भजनी मंडळ असते, शाळेत गाण्याची शिक्षिका असते, शेजारी एखादी मुलगी असते जिच्या वडिलांना पेटी परवडत नाही. फुकट देणे जिवावर येत असेल तर वाजते राहील या अटीवर द्यावे. ती अट स्वतःला घालून घेण्यापेक्षा दुसऱ्याला घालणे आपल्याला नेहमीच सोपे जाते.

बलिप्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्त. त्या दिवशी बहुतेक घरांत काहीतरी नवे येते. यंदा एखादे वाद्य घरात येण्याऐवजी घरातून बाहेर पडले, आणि कार्तिकीच्या आत त्याच्यावर कोणाची तरी बोटे चुकतमाकत फिरू लागली, तर सातव्या लेण्यातल्या त्या सहाजणींच्या बैठकीत आणखी एकीला जागा झाली असे मी म्हणेन. तिथे बसायला पुष्कळ वाद्यांची गरज पडत नाही. मांडीवर एक असले आणि हात रिकामे असले की भागते.